ओल्या बर्चचा चमचा

लाकडी चमचा करायला मशीन लागत नाही, सुतारी टेबल लागत नाही, पॉलिशपेपरसुद्धा लागत नाही. एक छोटी कुऱ्हाड, एक सरळ चाकू, एक वाकडा चाकू आणि ओलं लाकूड, माझं बहुतेक वेळा बर्च नावाच्या पांढऱ्या सालीच्या झाडाचं, एवढ्यात होतो. स्वीडनमधल्या उप्सालाला राहायला आल्यापासून मी हे काम शिकतेय आणि आता आमच्या घरातले वरणाचे, भाताचे, कोशिंबिरीचे बहुतेक डाव माझ्या हातचे आहेत. ग्रुपवर फोटो टाकला की नेहमी कुणीतरी विचारतं की नक्की करतात कसं, आणि फोनवर ते सांगता येत नाही म्हणून सगळं इथे सलग लिहून काढतेय, लांबलं तर लांबू दे.

सुरुवात मुलाच्या शाळेतून झाली. स्वीडनमध्ये शाळेत हस्तव्यवसायाचा विषय सक्तीचा आहे, स्लॉय्द म्हणतात त्याला, मुलगा असो मुलगी असो, लाकूडकाम पण शिकायचं आणि शिवणकाम पण. माझा मुलगा एक दिवस ब्रेडला बटर लावायची लाकडी सुरी घेऊन आला, ज्युनिपरच्या लाकडाची, नुसती हातात धरली तरी बोटांना वास लागत होता. ती त्याने स्वतः तासली होती. शाळेने त्याच्या हातात खरा धारदार चाकू दिला होता आणि तो कसा धरायचा हे त्याला व्यवस्थित माहीत होतं, याचंच मला जास्त अप्रूप वाटलं.

माझं माहेर वर्ध्याचं. सेवाग्राम आमच्या घरापासून जवळ, त्यामुळे नई तालीम हा शब्द लहानपणापासून कानावर. 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण हा विचार मांडला, हे आम्हाला शाळेत होतं. इथे आल्यावर कळलं की फिनलंडमध्ये 1866 लाच उनो सिग्नेउस या माणसाने हस्तव्यवसाय शाळेत आणला होता, आणि स्वीडनमध्ये गोथेनबर्गजवळच्या नेस या इस्टेटीवर ऑटो सॉलोमन यांनी 1870 च्या दशकात त्यासाठी शिक्षक तयार करायला सुरुवात केली, तिथे जगभरातून शिक्षक शिकायला यायचे. सॉलोमन यांचं म्हणणं असं की मुलाला पहिलं औजार द्यायचं ते चाकू, कारण चाकू घराघरात असतो आणि त्याने जवळजवळ काहीही करता येतं. मला एका गोष्टीचं मनापासून वाटतं, आपल्याकडे हा विचार मोजक्या शाळांनी जिवापाड जपला, इथे तो प्रत्येक शाळेच्या वेळापत्रकात बसला. त्यामुळे इथे बँकेत काम करणाऱ्या माणसालाही लाकूड कुठून तासायचं हे साधारण माहीत असतं.

तर मुलाची सुरी बघून मी संध्याकाळचा एक क्लास लावला. शाळेच्या तळघरातली खोली, आम्ही सात-आठ जण, आणि शिकवायला एक सत्तरीतल्या बाई. इथे शिक्षकांना सरळ नावाने हाक मारतात पण मला ते काही जमलं नाही, मी त्यांना मनातल्या मनात बाईच म्हणते. पहिल्या दिवशी त्यांनी लाकडाआधी कायदा सांगितला. स्वीडनमध्ये 1988 च्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी चाकू जवळ बाळगायला बंदी आहे, कामासाठी किंवा तसंच योग्य कारण असेल तरच चालतं, म्हणून क्लासला येताना चाकू म्यानात, म्यान पिशवीत, पिशवी सॅकच्या तळाशी, आणि घरी गेल्यावर लगेच सॅकमधून बाहेर काढून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी तीच सॅक घेऊन बाजारात जायचं नाही.

औजारांबद्दल थोडक्यात सांगते. सरळ चाकू मोराचा. मोरा हे दालार्ना भागातलं गाव, तिथे 1891 पासून चाकूचा कारखाना आहे आणि त्यांचा कोरीवकामाचा चाकू लांबच्या-लांब रांगेत टांगलेला कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात दिसतो, महाग अजिबात नाही. पातं तीन थरांचं, मधे कडक पोलाद आणि दोन्ही बाजूंनी मऊ, म्हणजे धार कडक पोलादाची पण पातं तडकत नाही, आणि मूठ साधी बर्चच्या लाकडाची. वाकडा चाकू म्हणजे आकड्यासारखं वळलेलं पातं, चमच्याची वाटी खोदायला. कुऱ्हाड मात्र मी बरेच दिवस क्लासचीच वापरली आणि मग पैसे साठवून ग्रेन्सफॉर्शची घेतली. ही हेल्सिंगलांदमधली जुनी भट्टी, 1902 पासूनची, तिथे ज्या लोहाराने कुऱ्हाड घडवली त्याच्या नावाची आद्याक्षरं पात्यावर ठोकलेली असतात. त्यांची कोरीवकामाची कुऱ्हाड विल्ले सुंदक्विस्त यांच्यासोबत बसून ठरवलेली आहे. सुंदक्विस्त (1925–2018) हे उत्तर स्वीडनमधल्या वेस्तरबोत्तनचे, आज जगभर जे लोक चमचे कोरतात त्यांच्यापैकी बहुतेकांची शिकवण फिरून फिरून या माणसापर्यंत जाते. बाई त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायच्या.

आता लाकूड. इथे जंगलात कुणीही फिरू शकतं, बेरी तोडू शकतं, मशरूम गोळा करू शकतं, तो हक्कच आहे, पण उभ्या झाडाची फांदी तोडायला परवानगी नाही, आणि वाऱ्याने पडलेलं झाडसुद्धा जमीनमालकाचंच. त्यामुळे लाकूड मागावं लागतं. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आजोबांनी गॅरेजजवळचं बर्च पाडलं, त्यांच्याकडे मी गेले आणि काय करणार आहे ते सांगितलं तर त्यांनी मला नेता येईल त्यापेक्षा जास्त लाकूड दिलं आणि वर स्वतः ढकलगाडीतून आणून टाकलं. तेव्हापासून कुणाकडे करवतीचा आवाज आला की आजोबाच मला निरोप पाठवतात.

लाकूड ओलंच लागतं. वाळलेलं बर्च चाकूला दाद देत नाही, मनगट भरून येतं, ओलं मात्र नवलकोलासारखं कापलं जातं आणि ढलपी लांब, थंड, थोडी चिकट अशी हातावर पडते. पण ओलं टिकवणं हे वेगळं काम. बर्चची साल पाणी आत कोंडून ठेवते, त्यामुळे उन्हाळ्यात सालीसकट ओंडका बाहेर ठेवला की आतून कुजायला लागतो, राखाडी पट्टे दिसायला लागतात. म्हणून थंडीत पाडलेलं झाड चांगलं, आणि उन्हाळ्यासाठी मी तुकडे फोडून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवते, एका बाजूला मटार आणि खवलेला नारळ, दुसऱ्या बाजूला बर्च.

फोडणं ही सगळ्या कामातली माझी सर्वात आवडती पायरी आहे आणि माझ्या मते सगळं शिक्षण त्यातच आहे. ओंडका करवतीने उभा चिरायचा नाही. कुऱ्हाडीचं पातं ओंडक्याच्या तोंडावर बरोबर मधोमध, गाभ्यावरून जाईल असं ठेवायचं आणि वरून लाकडी मोगरीने ठोकायचं. दोन-तीन ठोक्यांत चर्र आवाज होतो, फट पडते, आणि ती फट तुम्हाला हवी तिथून जात नाही, लाकडाचे रेषे जिथून जातात तिथून जाते. झाड वाढताना थोडं पिळलं असेल तर फोडलेली बाजूही पिळलेली निघते. करवतीने चिरलं असतं तर बाजू सपाट दिसली असती, पण आत रेषे मधेच कापले गेले असते आणि चमचा तिथेच मोडला असता. फोडलेल्या लाकडात रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असते, त्यामुळे दांडा बोटाएवढा बारीक केला तरी दणकट राहतो. मग मधला मऊ गाभा काढून टाकायचा, तो ठेवला की वाळताना तिथून तडा जाणार म्हणजे जाणारच.

आणि वाकडी फांदी मिळाली तर विचारूच नका. चमच्याला वाटी आणि दांडा यांच्यामध्ये एक कोन असतो, तो सरळ लाकडातून काढायचा तर मानेपाशी रेषे कापावे लागतात आणि नेमकी तीच जागा सगळ्यात नाजूक. फांदी जन्मतःच तशी वाकलेली असेल तर रेषे तो कोन स्वतःच घेऊन येतात. स्टॉकहोमच्या नॉर्डिस्का म्यूझियममध्ये जुने चमचे बघताना मी काचेला नाक लावून फक्त हेच बघत होते. कुणाच्या चमच्यावर वर्ष कोरलंय, कुणाच्या दांड्यावर नावाची अक्षरं, नक्षी पण सुंदर आहे, पण मानेतून रेषा वळून गेलेली दिसली की समजतं की हा माणूस जंगलात फांद्या बघत चालायचा.

कुऱ्हाडीचं काम ओंडक्यावर, ओंडका साधारण कमरेच्या खाली येईल एवढा उंच. लाकूड ओंडक्याच्या पलीकडच्या भागात टेकवायचं, म्हणजे घाव निसटला तरी कुऱ्हाड ओंडक्यात रुतते, पायाकडे येत नाही. लाकूड धरलेला हात वर आणि घाव नेहमी त्याच्या बराच खाली. खालच्या अर्ध्यात काम झालं की लाकूड उलटं करायचं, हात खाली सरकवायचा नाही. कुऱ्हाडीचा दांडा पात्याच्या जवळ धरायचा, जोर लावायचा नाही, कुऱ्हाड आपल्या वजनाने पडते तेवढं पुरतं. जास्त लाकूड काढायचं असेल तर आधी खालपासून वरपर्यंत ओळीने तिरके घाव घालून ठेवायचे आणि मग त्याच ओळीवरून एक सरळ घाव, सगळ्या ढलप्या एकदम निघतात. वाटी आणि दांडा जिथे भेटतात तिथे दोन्ही बाजूंनी करवतीने एक-एक छोटी खाच द्यायची, नाहीतर दांडा तासताना फट वाटीत शिरते. क्लासमध्ये एक निवृत्त ट्रेन ड्रायव्हर होते, ते एवढ्या शांतपणे कुऱ्हाड चालवायचे की बाई शिकवायचं थांबवून आम्हाला त्यांच्याकडे बघायला सांगायच्या.

कुऱ्हाडीने जेवढं जास्त होईल तेवढं करून घ्यायचं, हे मला उशिरा पटलं. नव्या माणसाला वाटतं कुऱ्हाड म्हणजे ढोबळ काम आणि चाकू म्हणजे नाजूक, तर लवकर चाकूकडे जावं. पण चमच्याचा आकार, कोन, दोन्ही बाजूंची समता, हे सगळं कुऱ्हाडीवरच ठरतं, चाकू फक्त ते स्वच्छ करतो.

चाकू धरण्याबद्दल मात्र मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण व्हिडिओ बघून लोक चाकू पेन्सिल तासल्यासारखा चालवतात आणि थकतात. बाईंनी आम्हाला आधी धरायच्या पद्धती शिकवल्या, लाकूड नंतर. छातीपाशी धरायची पद्धत सगळ्यात ताकदीची: एका मुठीत लाकूड, एका मुठीत चाकू, धार अंगापासून बाहेरच्या बाजूला, दोन्ही मुठी छातीला टेकलेल्या, आणि आता मनगट न हलवता खांदे मागे ओढायचे, कोपरं बाजूला जातात आणि पातं लाकडातून सरकतं. जोर पाठीतून येतो. घाव इंचभराचाच असतो पण तो इंचभर कितीही कडक लाकडातून जातो, आणि हात तिथेच थांबतो कारण त्याला पुढे जायला जागाच नाही.

दुसरी गुडघ्याची. चाकूचा हात गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला पक्का टेकवायचा, हलवायचाच नाही, आणि लाकूड आपल्याकडे ओढायचं. चाकू स्थिर, लाकूड चालतं. दांड्याची लांब सरळ ढलपी यानेच निघते. तिसरी अंगठ्याची, जशी आपण भाजी हातावर चिरतो, फक्त अंगठा पात्याच्या वाटेत ठेवायचा नाही, लाकडाच्या टोकाच्या खाली टेकवायचा. आणि चौथी बघताना भीती वाटते अशी, चाकू सरळ आपल्या छातीकडे ओढायचा. बाईंनी माझा हात धरून दाखवलं की दंड आणि कोपर बरगड्यांना चिकटवून ठेवले की मनगट छातीपर्यंत पोचूच शकत नाही, शरीरच कुलूप घालतं, आणि म्हणाल्या की आता घाबरू नकोस, जोरात ओढ. ओढलं. पातं वीतभर अलीकडे थांबलं. मला सुरक्षितता म्हणजे सावकाश आणि हलक्या हाताने करणं असं वाटायचं, पण इथे ती शरीराच्या ठेवणीत आहे, ठेवण बरोबर असेल तर पूर्ण ताकद लावायची मुभा आहे.

दिशेचा नियम एकच, उंचावरून खोलाकडे. वाटीच्या रुंद भागाकडून मानेकडे, दांड्याच्या जाड भागाकडून बारीककडे, आणि खोलगट जागेत दोन्ही बाजूंनी उतरत तळाशी भेटायचं. उलट गेलं की पातं रेषांच्या खाली शिरतं आणि लाकूड फाटतं. बाई आमच्यामागून फिरताना फक्त "उतार बघ, उतार" एवढंच म्हणत असायच्या, आणि आवाजावरूनसुद्धा कळायचं त्यांना, बरोबर दिशेला ढलपी निघताना सळसळ होते आणि उलट दिशेला तडतड.

वाटी वाकड्या चाकूने, आणि ती रेषांना आडवी खोदायची. आधी मधे एक छोटा खड्डा, मग तो कडेकडे वाढवत न्यायचा. काठ साधारण 3 मिलिमीटर, तळ थोडा जाड. खोली बघायला मी वाटी दिव्यासमोर धरते, ओलं बर्च पातळ झालं की उजेड गुलाबीसर दिसतो. मागच्या बाजूला दांड्याची पाठ वाटीच्या खाली थोडी आत शिरू द्यायची, होडीच्या कण्याइतकी उठावाची नको पण बोटाला जाणवेल एवढी, त्याने मान समोरून नाजूक दिसते आणि जोर सगळा मागून मिळतो. या एका जागेवर मी अजूनही सगळ्यात जास्त वेळ घालवते.

मग वाळवणं. हिवाळ्यात इथल्या घरात हीटर चालू असतात, हवा एकदम कोरडी, चमचा उघडा ठेवला तर रात्रीत वाटीला तडा. मी तो त्याच्याच ढलप्यांसोबत कागदी पिशवीत घालून हीटरपासून लांब ठेवते, ढलप्यांची ओल हळूहळू जाते आणि चमच्याचीही. रोज किचनच्या वजनकाट्यावर ठेवून बघायचा, वजन उतरायचं थांबलं की वाळला. काटा नसेल तर गालाला लावायचा, ओल असेल तर थंड लागतो.

वाळलेल्या चमच्यावर शेवटचा हात चाकूचाच. पॉलिशपेपर क्लासमध्ये नव्हताच. कारण असं की घासलेल्या लाकडाचे रेषे पिंजले जातात, चमचा पहिल्यांदा वरणात बुडला की ते फुगून उभे राहतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, धारदार चाकूने कापलेले रेषे मिटलेले राहतात. त्यासाठी धार मात्र तशी हवी. मोराच्या चाकूचा धारेचा उतार रुंद आणि सपाट असतो, तो तसाच पूर्ण दगडावर टेकवायचा, कोन मनाने धरावा लागतच नाही, 1000 नंबरचा पाण्याचा दगड, मग 6000, मग चामड्याच्या पट्टीवर हिरवी पेस्ट लावून पातं उलटं ओढायचं. वाकड्या चाकूला काठीभोवती गुंडाळलेला बारीक पॉलिशपेपर, त्याचा उपयोग इथेच. वाळलेल्या बर्चच्या टोकावर आडवा काप मारून बघायचा, कापलेली जागा चमकली तर धार आली, पांढरट दिसली तर परत दगड. नुसती धार लावायला शिकायला मला चमचा शिकण्याएवढाच वेळ लागला आणि तो वेळ सार्थकी लागला, घरच्या विळी-सुऱ्यांचंही भलं झालं.

नक्षी करायची तर एक सोपी पद्धत आहे, कोलरोसिंग. चाकूच्या टोकाने दांड्यावर केसाएवढी बारीक रेघ कापायची, लाकूड काढायचं नाही, फक्त चीर द्यायची, आणि त्यात बारीक दळलेली कॉफी किंवा सालीची पूड बोटाने चोळायची, वरून तेल. चीर मिटते आणि रेघ काळी होऊन कायमची राहते. मी एका डावाच्या दांड्यावर आईचं नाव देवनागरीत काढलं. शिरोरेघ रेषांच्या दिशेने असल्यामुळे पातं तिथे भरकटायला बघतं, म्हणून ती सगळ्यात शेवटी, छोट्या-छोट्या तुकड्यांत ओढली. आडव्या कापाच्या मात्रा, वेलांट्या मात्र छान बसतात.

तेल कुठलं असेल? जवसाचं! विदर्भात वाढलेल्या मला हे कळलं तेव्हा जो आनंद झाला तो सांगता येत नाही. जवसाची चटणी आमच्या डब्यात रोजची, आणि इथे तेच तेल लाकडाला, घरांच्या खिडक्यांना, रंगात, सगळीकडे. कच्चं, घाण्याचं घ्यायचं, हार्डवेअरमध्ये उकळलेलं म्हणून मिळतं त्यात सुकवायची रसायनं असतात, ते जेवणाच्या भांड्याला नको. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडातच घट्ट होतं, त्याला काही आठवडे द्यावे लागतात, खिडकीत उन्हाला ठेवला की लवकर होतं. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, तेलाचा बोळा चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही, घट्ट होताना तेल गरम होतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. मी बोळे पाण्यात भिजवूनच टाकते.

मधे उन्हाळ्यात आम्ही ट्रेनने दालार्नाला जाऊन आलो, सिल्यान तलावाच्या काठाने. नुसनेस गावात ते लाल लाकडी घोडे करतात, 1939 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात स्वीडनच्या दालनासमोर भला मोठा घोडा ठेवला होता तेव्हापासून तो देशाची खूणच झालाय. लाकूड पाइनचं, आकार करवतीने काढतात पण तासतात अजून हातानेच, आणि रंगवणाऱ्या बाई एकाच ब्रशवर दोन रंग घेऊन एका फटक्यात पाकळी काढत होत्या. मुलगा तासणाऱ्या माणसाच्या हाताकडे बघत होता आणि माझ्या कानात म्हणाला, आई, तो अंगठ्याची ग्रिप वापरतोय.

गेल्या वेळी वर्ध्याला जाताना चाकू चेक-इनच्या बॅगेत टाकून नेले. आमच्या घराचे दारं-खिडक्या ज्यांनी केल्या ते सुतारकाका आता थकलेत पण हात चालू आहे. मी त्यांना चमचा दाखवला. त्यांनी आधी तो उलटा केला, मानेच्या मागच्या भागावरून नख फिरवलं आणि विचारलं, फोडून केला का चिरून? मला एवढं बरं वाटलं. मग त्यांनी अंगणात बसून, लाकूड दोन्ही पायांच्या तळव्यांत धरून वाकसाने आकार काढून दाखवला. ओंडका नाही, ठोकळा नाही, पायच पक्कड. वाकसाचे घाव स्वतःकडे येत होते आणि प्रत्येक घाव पायाच्या अलीकडे जिथे थांबायला हवा तिथे थांबत होता, मला बाईंची ती कुलूप घालायची गोष्ट आठवली. मी त्यांना छातीपाशी धरायची पद्धत दाखवली, ती त्यांना आवडली, पण म्हणाले याला खुर्ची लागते, आम्ही खाली बसणारी माणसं.

लाकडाचं मात्र तिथे सगळं वेगळं निघालं. पावसाळ्याआधी विजेच्या तारांखालच्या फांद्या तोडतात त्यातला कडुनिंब मिळाला होता, पण कडुनिंबाचे रेषे एकमेकांत अडकलेले, एक थर इकडे झुकलेला, पुढचा तिकडे, फोडायला गेलं तर फट सरळ जात नाही आणि तासताना दोन्ही दिशांनी फाटतं. काकांनी मग शिवणीचा तुकडा दिला. तो फिकट पिवळा, हलका, चाकूखाली बर्चच्या बराच जवळ जाणारा, आणि वास अगदी सौम्य. अडचण आली ती मे महिन्याची. उप्सालाला जे लाकूड आठवडाभर ओलं राहतं ते वर्ध्याच्या उन्हात दुपारी जेवून येईपर्यंत टोकांना तडकायला लागलं. काकांनी ओलं गोणपाट आणून तुकडा त्यात गुंडाळला, काम करायचं तेवढाच भाग उघडा ठेवायचा आणि बाकी झाकलेलं, आणि वाटी खोदून झाल्यावर चमचा सरळ माठाखालच्या वाळूत पुरून ठेवायला सांगितला. तो वाळला, तडा नाही गेला. आईने त्याला घरच्या घाण्याचं जवसाचं तेल लावलंय आणि आता तिने काकांना शिवणीचा आणखी एक तुकडा बाजूला काढून ठेवायला सांगितलाय, तिला कालथा हवाय, लांब दांड्याचा, भाकरी उलटायला.